थोरल्याचं डोकं

॥ श्री ॥
बेळगाव, ३ फेब्रुवारी २०२५

चि. परशरामास मष्णूचा आशीर्वाद. वि. वि. कानामागच्या गाठीपायी फोनवरचं कळत न्हाय, म्हणून दूधगाडीवाल्याकडं पत्र देतोय.

आज दवाखान्यात किरणांची पहिली खेप झाली. किरण नेमका गाठीवरच पडावा म्हणून माझ्या तोंडाच्या मापाची प्लास्टिकची जाळी केलीया. ती तोंडावर बसवून टेबलाला खटाखट अडकवतात. डोळाबी उघडत न्हाय. वरनं कन्नडात सांगतात, अलुगाडबेडी, हलू नको. हलणार कुठं बाबा? सापळ्यातल्या उंदरागत पडून ऱ्हातो. लई भ्या वाटतं, रूपालीला सांगितलेलं न्हाय. अजून चार खेपा हाईत.

तोवर केसाला, मिशीला कात्री लावायची न्हाय. जाळी ढिली पडली तर किरण भलतीकडं जाईल. माझी मिशी बघून तू हसशील. आप्पांचा दमा कसा हाय? आई-आप्पांना नमस्कार. लोभ हाय तसाच ठेव.

तुझा दादा,
मष्णू

नंदगड, ८ फेब्रुवारी

ती. दादास परशरामचा शि. सा. नमस्कार. वर श्री घातलेला न्हाय, त्यावरनं समजून घे. आप्पा बुधवारी गेले. काल रक्षा झाली.

अग्नी मी दिला, केस-मिशी मी काढली. रूपालीवहिनीला त्याच दिवशी कळवलेलं, गप्प बसायला मीच सांगितलं. तू धावत आला असतास अन् न्हाव्यापुढं बसला असतास. थोरला असताना धाकट्यानं का, म्हणून भावकी कुरकुरली. तवा आईच उठली. म्हणाली, थोरल्याचं डोकं आधी ऱ्हाऊ दे, केसांचं मग बघू.

दूधवाल्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपल्याकडनं कळू दे, म्हणून आज तिनंच लिहायला बसवलं. माझ्यावर राग धर, पर खेपा मोडू नको. आईची शपथ हाय. माया पातळ करू नको.

तुझा धाकटा,
परशराम

बेळगाव, १२ फेब्रुवारी

ती. आईस मष्णूचा साष्टांग नमस्कार. हात सवयीनं आई-आप्पा लिहायला गेलता.

पत्र आलं तवा दोन खेपा ऱ्हायल्या होत्या. रूपाली बाहेर बसून रडायची, मला वाटायचं माझ्यापायीच. रडलो तर डोकं हलंल, म्हणून जाळीत दात आवळून पडलो. तरी पाणी आलंच. कानात उतरलं, पुसायला हात उचलता येईना. आप्पांसाठी मोकळं रडताबी आलं न्हाय गं आई. परशाला म्हणावं, राग न्हाय. माझं काम त्यानं केलं.

आज शेवटची खेप झाली. गाठ आटली का ते पुढं कळंल. तिथनं निघालो तो समोरच्या न्हाव्याकडं बसलो. गालावर जाळीचे वळ होते, ते कशानं म्हणून तो विचारायला लागला. मी म्हणालो, वडील गेले. अन् तिथंच रडू फुटलं, सगळं अंग हलाय लागलं. वस्तरा बाजूला धरून तो थांबला. हलू नका म्हणाला न्हाय.

दहाव्याला पोचतोय. डोक्यावर हात ठेवायला दारात ऱ्हा.

तुझा,
मष्णू