अनुभवाचा दाखला

२ ऑगस्ट १९७६, दौंड
पेपरात आलं. सरकारनं कसिनोचा कायदा केला. म्हणजे जुगार आता सरकारमान्य, फक्त लायसन पाहिजे. अंगावर काटाच आला. नऊ वर्षं स्टेशनामागं बन्सीशेठच्या मटक्याच्या चिठ्ठ्या लिहितोय, ती वाया जाणार नाहीत. उद्यापासून पान बंद. मॅनेजर लोक पान खात नसतात.

५ ऑगस्ट
पान चालू. त्याशिवाय डोकं चालत नाही.
आज हजेरी. दर महिन्याला शेठ चौकीला एक माणूस देतो. त्यांची कारवाई दिसते, आपला धंदा चालतो. तो माणूस कायम मी. संध्याकाळपर्यंत शेठ दंड भरून सोडवतो. नाव दरवेळी वेगळं सांगायचं, असा रिवाज. आज काही सुचेना, मेहुण्याचं ठोकलं: साहेबराव. चहा बरा होता.

९ ऑगस्ट
कवठे येमाईला सासुरवाडीत. चांगुणा दिवाळीपासून माहेरीच आहे. कसिनोचं सांगितलं. ती भाकऱ्या थापत राहिली. साहेबराव म्हणाला, पाव्हणं, मॅनेजर व्हा न्हाईतर कलेक्टर व्हा, तुमच्यावर एक बी केस न्हाई असा चौकीचा कागद आणा, मंग बहिणीला धाडतो. 
निघताना चांगुणानं शर्टाची तुटकी गुंडी लावून दिली. उभ्या उभ्याच, घाईत. पण लावली. म्हणजे मन आहे.

२० ऑगस्ट
शिरूरला वकिलाच्या कारकुनाला गाठलं. म्हणाला, कायदा झालाय, पण लागू कवा व्हईल ते देवाला ठाऊक, अजून फॉर्मच न्हाईत. हरकत नाही. लायसन म्हटलं की चारित्र्य आणि अनुभव विचारणारच. आपली तयारी हवी.

२७ ऑगस्ट
दाखला मिळाला. हवालदारांनी स्वतः लिहिला: हौसराव यांच्यावर या चौकीत एकही गुन्हा दाखल नाही.
डोकंच फिरलं. नऊ वर्षांच्या हजेऱ्या, आणि एकही नाही? हवालदार म्हणाले, अहो, दरवेळी नाव दुसरं, तुमच्यावर कशी असंल केस? गपगुमान घरी जा, बायकोला आणा.
वा! असला कोरा कागद घेऊन गेलो तर कसिनोत झाडू मारायला ठेवतील.

२८ ऑगस्ट
चौकीत जाऊन भांडलो. कोणत्या महिन्यात कोणतं नाव, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. हवालदार सारखे डोळे मिचकावत होते, कचरा गेला असावा. आवाज ऐकून आतून नवे फौजदार आले. देवमाणूस! खुर्ची दिली, सगळं लिहून घेतलं, सही घेतली, शिक्क्याची नक्कल हातात दिली. कामाची कदर करणारे ऑफिसर अजून आहेत.

५ सप्टेंबर
कवठे. दाखला मिळाल्याचं पत्रानं आधीच कळवलं होतं. चांगुणा ट्रंक भरून ओट्यावर बसली होती. नवं लुगडं.
साहेबरावानं कागद मोठ्यानं वाचला. हौसराव उर्फ पोपट उर्फ आनंदराव उर्फ... तिथं अडला. स्वतःचं नाव दोनदा वाचलं. म्हणाला, पाव्हणं, मला कवा धरला? मी समजावलं, हा अनुभव आहे, केस नव्हे; आधी कोराच कागद दिला होता, भांडून हा घेतला. आधीचा कोरा कागद कुठंय, त्यानं विचारलं. म्हटलं, फाडला.
चांगुणा उठली, ट्रंक उचलली. हात लावू का म्हटलं. न्हाई म्हणाली. आत गेली.
रडू आलं नाही. काहीच आलं नाही. एसटी वेळेवर होती.

१२ सप्टेंबर
शेठ म्हणाला, तुझ्या नावावर आता गाडाभर केसा झाल्या, परत धरला तर दंडावर भागायचं न्हाई, खडी फोडायला जाशील. तवा घरी बस. बरं म्हटलं. नाहीतरी राजीनामा देणारच होतो.
त्या फौजदारांची बदली झाली म्हणे. चांगल्या माणसांचं असंच होतं.

५ ऑक्टोबर
हजेरीचा दिवस. सवयीनं दाढी केली. चांगुणानं गुंडी लावलेला शर्ट घातला, स्टेशनामागं उभा राहिलो. हवालदार आले. माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या जागी लागलेल्या मच्छिंद्राला घेऊन गेले.
संध्याकाळी तो सुटून आला. नाव काय सांगितलं, विचारलं. म्हणाला, ऐन वेळेला काय सुचंना, तुमचंच सांगितलं.
रागवावं असं वाटलं, पण जमलं नाही. चहा दिला का, विचारलं. दिला म्हणाला.