बसलेल्या सशाची रायफल

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आता भिंतीवरच्या फोटोकडे बघावं लागतं. आवाज मात्र आपोआप येतो. कुणी मधूनच गोष्ट सांगायला लागलं की तुम्ही म्हणायचे, "धुऱ्याच्या तोंडापासून चाल, मधूनच बांधीत नको उतरू." म्हणून बांधाच्या तोंडापासूनच सांगते, मधूनच शेतात न उतरता. आपण रायफल घ्यायला गेलो त्या दिवसापासून.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा हिवाळा. मोहाडीहून सकाळच्या एस.टी.ने आपण भंडाऱ्याला आणि तिथून नागपूरला गेलो. तुमच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली जुनी बारा बोरची एकनळी बंदूक आणि माझ्या पर्समध्ये परवाना. शाळेत मास्तरीण होऊन मला वर्षभर झालं होतं आणि घरातली सगळी सरकारी लिखापढी माझ्या गळ्यात पडली होती, कारण माझं अक्षर पाहिलं की साहेब लोक नाही म्हणूच शकत नाहीत अशी तुमची खात्री होती. परवाना पिकाच्या राखणीचा होता. आपल्याकडे उभ्या धानातच लाखोरीच्या डाळीचं बी फेकतात. धान कापून निघालं की ती हिरवीगार वर येते, आणि टेकड्यांकडचे ससे आमंत्रण असल्यासारखे जेवायला उतरतात. त्या सशांसाठी तुम्ही वीस वर्षं ती एकनळी वापरली. पळत्या सशाच्या नाकापुढे हातभर छर्रा टाकणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत तुमचं नाव होतं. आणि तीच बंदूक विकून तुम्हाला पॉईंट टू-टूची रायफल घ्यायची होती. गावात सगळ्यांना नवल वाटलं. रायफलीतून एक गोळी सुटते, बोटाच्या पेराएवढी. ससा पळाला की ती काय कामाची?

तुमच्याकडे कारणं तयार होती. बारा बोरच्या दणक्याने खांदा दुखतो. काडतूस महाग झालं. छर्ऱ्याचं मटण खाताना दातात शिसं येतं, आणि हे तर कुणी नाकारू शकत नव्हतं, कारण मागच्याच वर्षी आत्याच्या यजमानांची दाढ आपल्या घरामागच्या सांदवाडीत, आपल्याच सशावर तुटली होती. आई घरातल्या चुलीवर ससा शिजू द्यायची नाही, मागे सांदवाडीत तीन दगड मांडून वेगळ्या गंजात शिजवायची, स्वतः खायची नाही, आणि तरी मीठ बरोबर पडलं का म्हणून तीनदा विचारायची. दाढ तुटल्याचं ऐकून ती पदर तोंडाला लावून आत पळाली होती. तेव्हा रायफलीला घरातून विरोध झाला नाही.

दुकानदार म्हातारा होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याने आधी आपली एकनळी हातात घेतली, मिटून उघडून पाहिली आणि तुमच्याकडे मोठ्या आदराने बघितलं. मग म्हणाला की अशी बंदूक विकू नका काका, हवं तर खांद्याला रबराची गादी लावून देतो. ती पुन्हा खांद्याला लावून बघा म्हणून त्याने आग्रह केला. समोरच्या तारेवर कबुतर बसलं होतं, त्यावर धरा म्हणाला. तुम्ही धरली. कबुतर उडालं. तुमची नळी होती तिथेच राहिली, मोकळ्या तारेवर. मी बाजूलाच उभी होते आणि हे मी बघितलं. मला वाटलं, तुमचं मन त्या बंदुकीवरून उडालं आहे.

मग त्याने दोन रायफली काढल्या. एकीत पाच गोळ्यांची पेटी बसायची, दुसरीत एका वेळी एकच गोळी. मला पाचवाली आवडली. तुम्ही दोन्हींचे दस्ते कोपराच्या लवणीत टेकवून बोट घोड्यापर्यंत पोचतं का ते बघितलं, दोन्ही उचलून वजन घेतलं, आणि एक गोळीवालीकडे बोट दाखवलं. मी हट्ट केला तेव्हा म्हणाले, "दुसरी गोळी हाताशी असली का मानूस पहिली नीट मारत नाही." दुकानदाराला हे फार आवडलं. तरीही त्याने आपलं कर्तव्य केलं. गोळी लहान दिसते पण मैलभर जाते, कडक जमिनीवरून नाहीतर पाण्यावरून उसळते, आणि ससा काही बसून राहत नाही हे त्याने सांगितलं.

"मी आता बसलेलाच मारतो," तुम्ही म्हणाले. "अन् मागं माती असन तरच."

नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच जुळवून तुम्ही किती वेळ रस्त्यापलीकडच्या पाटीकडे बघत होते. खाली ठेवली तेव्हा खूष होते. "चांगलं दिसते हिच्यातून," म्हणाले. परतीच्या एस.टी.त तुम्ही मला संत्रं सोलून दिलं. इतके मोकळे तुम्ही क्वचितच असायचे. आज मला त्या दिवसाचा प्रत्येक तुकडा स्वच्छ वाचता येतो, पण तेव्हा मी दुसरीच्या मुलांना बाराखडी शिकवणारी पोर होते आणि मला समोरचं साधं वाक्य वाचता आलं नाही.

तीन-चार हिवाळे चांगले गेले. एकट्याने जाऊ नका म्हणून आई मला तुमच्यासोबत पाठवायची, आणि शाळा सुटली की मी जायची. तुम्ही ज्या सशाच्या मागे धुरा आहे त्यावरच नेम धरायचे. बांधीच्या कडेचा तो मातीचा बांध गोळी गिळून टाकतो. धुऱ्यावर बसलेला ससा कितीही जवळ असो, तुम्ही रायफल खाली करायचे. वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज व्हायचा आणि ससा बसल्या जागी आडवा. तुमचा नेम चुकत नव्हता, म्हणून डोळ्यांवर कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. चालताना मात्र तुम्ही दाराच्या चौकटीला खांदा घासायचे, बाजूने येणाऱ्या सायकलीवर ओरडायचे की घंटी काहून वाजवत नाही. लोक म्हणायचे, म्हातारा चिडखोर झाला.

त्या संध्याकाळी उन्हं तिरपी झाली आहेत. आपण बोडीच्या, त्या छोट्या तळ्याच्या, पाळीखाली बसलो आहोत. समोरच्या धुऱ्याच्या पायथ्याशी ससा येऊन बसतो, कान मागे टाकून लाखोरी खातो. मागे माती आहे, सगळं तुमच्या नियमाप्रमाणे आहे. आणि त्या सशाच्या उजव्या अंगाला, दोन हातांवर, शेजारची काकू उकिडवी बसून ओटीत लाखोरीची भाजी खुडते आहे. हिरवं लुगडं होतं, पण इतकंही हिरवं नव्हतं, बाबा. मला ती ससा दिसायच्या आधी दिसली होती. मला वाटलं, तुम्ही ती उठून जायची वाट बघत आहात. तुम्ही रायफल उचलली. मी हळूच म्हटलं, बाबा. तुम्ही जिभेने चूप केलं, नेमाच्या वेळी बोलायचं नाही हा तुमचा कायदाच होता. काकू भाजी खुडत सशाच्या बाजूला सरकली. तुमचं बोट घोड्यावर वळताना मला दिसलं आणि मी नळीवर हात मारला.

गोळी आपल्या पुढ्यातल्या चिखलात गेली. ससा पळाला. काकू उठून उभी राहिली, ओटी सावरली आणि हसली. "पळाला न जी भाऊ," ती म्हणाली, "माह्यामुळं बिचकला का?"

तुम्ही तिला शोधत होते. आवाज आला त्या बाजूला मान वळवली, ती पुढे निघून गेली, परत आली, पुन्हा निघून गेली. समोर उभी असलेली बाई सापडायला तुम्हाला किती वेळ लागला ते मी बघितलं. मग तुम्ही माझ्याकडे वळले.

"नळीले हात लावाचा नाही म्हणून कितीदा सांगितलं तुले?"

"बाबा, काकू होती तिथं."

"मले दिसत होती."

एवढं म्हणून तुम्ही उठले आणि माझ्यापुढे चालायला लागले. खोटं बोलताना मी तुम्हाला आयुष्यात तेवढं एकदाच ऐकलं. मला तुमचा राग येत होता, भयंकर राग, आणि त्याच वेळी तुमच्या पाठीकडे बघून रडू येत होतं.

चष्मा बदलायचं निमित्त करून मी तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं. तपासणी झाल्यावर तुम्ही बाकावर बसून जोडे घालत होते, तेव्हा त्यांनी मला आत थांबवून सांगितलं की काचबिंदू आहे, बराच जुना. समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही, नळीतून बघावं तसं. गेलेलं परत येत नाही, थेंबांनी उरलेलं टिकलं तर टिकेल. सायकल बंद, बंदूक बंद, हे तुम्हीच सांगा, घरच्या माणसाचं ऐकतात. मी बाहेर आले. तुम्ही विचारलं काय म्हणाला. मी म्हटलं, थेंब टाकायचे आहेत. एवढंच जमलं. त्या दिवशी जेवताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. आई तुमचा पाण्याचा तांब्या ताटाच्या उजवीकडे न ठेवता बरोबर समोर ठेवत होती. कधीपासून ठेवत होती कोण जाणे. मी तिच्याकडे बघितलं तर ती भाकर थापायला वळली.

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. एकदा म्हटलं, बाबा, या वर्षी राहू द्या. तुम्ही म्हणाले, ससे राहू देतील का? आणि रायफल पुसत बसले. ती पुसताना तुमचा चेहरा असा असायचा की मी उठून दुसऱ्या कामाला लागायची. त्यातच परवान्याची मुदत संपत आली. मी नेहमीसारखा अर्ज लिहिला, तुम्ही नेहमीसारखा अंगठ्याने कागद सपाट करून सही केली, आणि मी तो कचेरीत दिलाच नाही. पर्समध्ये ठेवला, आणि दिला म्हणून सांगितलं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे, फक्त त्यातलं माझं काम ठाऊक नाही. तुम्ही कचेरीत जाऊन विचारलं. बिचाऱ्या कारकुनाने दप्तर धुंडाळून सांगितलं की अर्ज आलेलाच नाही, आणि ते अगदी खरं होतं. घरी येऊन तुम्ही मला म्हणाले, "अर्जच नाही म्हनतात न बाई. पुन्हा लिही. अक्षर थोडं मोठं काढ." मी मोठं अक्षर काढून पुन्हा लिहिला. तोही दिला नाही. कागद गहाळ होतात, मी म्हटलं, आणि एका भल्या माणसावर आळ घेतला. आठवड्याला दोनदा तुम्ही त्या व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसायचे, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. शाळेतून परतताना तुम्ही मला तिथे दिसायचे. मी समोरून गेले असते तर तुम्हाला दिसले असते, म्हणून मी बाजूने जायची. हे वाक्य लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण तसंच होतं.

मुदत संपली तसा ठाण्यातून शिपाई आला. तुम्ही रायफलीला तेल दिलं, कापसाचा बोळा नळीतून आरपार काढला, उजेडाकडे धरून बघितलं. शिपायाने ती सायकलच्या दांड्याला बांधली तेव्हा तुम्ही त्याला नळीचं तोंड जमिनीकडे ठेवायला सांगितलं. परवाना आला की परत मिळेल, तो म्हणाला. तुम्ही मान हलवली. त्यानंतर तुम्ही लाखोरीत काठी घेऊन जायचे आणि ससे हाकलायचे. त्यांना ते लवकरच कळलं, तुम्ही उभे असतानाच खाऊ लागले. चार वर्षांनी तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेले. शेवटच्या आठवड्यातही विचारलं, कचेरीतून काही आलं का. मी म्हटलं, येईल.

तुम्हाला संशय आला होता का, हे मी किती वेळा मनात विचारलं. कधी वाटतं, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तुम्ही बाकावर बसून मला मोकळं केलं. कधी वाटतं, हे मी माझ्या सोयीसाठी ठरवलं आहे. उत्तर कुठून येणार? हे पत्रही कुठे जाणार नाही, पाकीट आणलेलंच नाही.

लिहायला बसले त्याचं कारण एवढंच की तुमचं दुखणं वारशाने येतं म्हणतात आणि ते मला आलं आहे. समोरचं अजून छान दिसतं, पेपर वाचते, सुईत दोरा ओवते. डॉक्टरांनी मलाच समोर बसवून सांगितलं, आता तशी पद्धत आहे. गाडी चालवू नका, घरी सांगा, म्हणाले. त्याला पाच महिने झाले. घरी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आज दुपारीही नातीला शाळेतून मीच घेऊन आले, स्कूटीवर, पुढे उभी करून.