चेंडूशिवायच्या चौघी

४ जून

संघ जाहीर झाला. बाराजणी. त्यात माझी लेक नाही!

महिनाभर शिबिरात राबवून घेतली आणि शेवटच्या दिवशी घरी पाठवली. तिच्या जागी कोण, तर एक बुटकी! बास्केटबॉलमध्ये! सहा फुटी मुलगी घरी आणि हातभर पोरगी देशाकडून खेळणार. हसावं की रडावं?

सकाळी बॅग घेऊन आली. आंघोळ केली, पोटभर जेवली, गाढ झोपली. विचारलं तर म्हणे, "असू दे गं आई. चालायचंच." मला नाही चालवून घेता येत! हे तिच्या खोलीचं दार हळूच लोटून आले आणि मला म्हणाले, "तिच्यापेक्षा तुलाच जास्त लागलंय."

लागणारच. इतकी वर्षं पहाटे तिला मैदानावर सोडायला कोण जायचं? हे घोरत असायचे.

५ जून

लॅबमध्ये आज एका बाईंना दोनदा सुई टोचली तरी शीर सापडेना. माझ्या हातून असं! बाई म्हणाल्या, "तुमचा हात हलका म्हणून तर मी इथे येते." माफी मागितली, दुसऱ्या हातातून रक्त घेतलं.

रिसेप्शनवाली म्हणते, त्या बुटकीचा कुणीतरी वशिला लावला असणार. तिला काही ठाऊक नाही, पण मला तेवढंच हवं होतं. दिवसभर तेच घोळवत बसले.

११ जून

स्पर्धा सुरू झाली. टीव्ही लावायचाच नाही असं मी ठरवलं होतं. कामावरून आले तर बापलेक सोफ्यावर मांडी ठोकून! मी स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिले.

इथे खरं लिहिते, बाहेर बोलायची सोय नाही — मला त्या हरायला हव्या होत्या. सपाटून. आणि हरल्या! अठरा गुणांनी. भाजी परतता परतता मी चक्क गुणगुणत होते.

लेक हिरमुसून दारात आली. "आई, आपण हरलो गं."

आपण! ज्यांनी हाकललं ते "आपण"!

१२ जून

हे सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत. कालचं गुणगुणणं ऐकू गेलं वाटतं.

१३ जून

आज मुद्दाम बघायला बसले. बुटकी कशी तोंडावर आपटते ते बघायला.

थोड्या वेळाने लेक हसायला लागली. "आई, तू नुसती चेंडूमागे धावतेस. चेंडू एकीच्याच हातात असतो. बाकीच्या चौघी काय करतात ते बघ ना."

बघितलं. बुटकी — शिबिरात सगळ्याजणी तिला भिंगरी म्हणायच्या, आणि ती माझ्या लेकीच्याच खोलीत होती! — चेंडू लांब असताना धावत गेली आणि समोरच्या एका धिप्पाड खेळाडूच्या वाटेत गप्प उभी राहिली. ती धाडकन येऊन आदळली. भिंगरी उताणी!

"पडली!" मी म्हटलं. आवाजात आनंद होता, नाकारत नाही.

"पडू दे. पलीकडे बघ — आपल्या कॅप्टनला रान मोकळं!" आणि खरंच, कॅप्टनने आरामात बास्केट केली.

"आणि हिला काय मिळालं?"

"पाठ दुखेल रात्रभर," लेक म्हणाली. पण असं म्हणाली, की जणू भिंगरीला पदकच मिळालंय.

जिंकल्या. आज गुणगुणले नाही. पण भांडीही आपटली नाहीत.

१४ जून

लॅबमध्ये रक्त देणाऱ्याकडेच सगळ्यांचं लक्ष असतं. आज मी सोबत आलेल्यांकडे बघत होते. एका आजीबाईंना म्हटलं, "मूठ आवळा." त्यांनी आवळली. मागे उभ्या आजोबांनी त्यांची पर्स छातीशी धरली होती, तीही करकचून आवळली. डोळे मिटलेले. सुई कुणाला टोचतेय, कळू नये!

इतकी वर्षं हे माझ्या पाठीमागेच घडत असणार.

१५ जून

पुन्हा जिंकलो!! शेवटच्या आठांत! (जिंक*लो* लिहिलं गेलं. राहू दे.)

लेक सगळं आधीच सांगत होती. "आता डावीकडून येईल," की डावीकडून. "आता भिंगरी थांबेल," की थांबली. हे म्हणाले, "प्रशिक्षकांना पाठव घरी, हिला बसव तिथे." ती खळखळून हसली. डोळे लकाकत होते, हात एका जागी ठरत नव्हते.

इतकी खुललेली मी तिला मैदानावर कधी बघितली? अंथरुणावर पडल्यावर आठवत राहिले. खेळताना तिचे दात आवळलेले असायचे. मी लोकांना कौतुकाने सांगायचे — जिद्द आहे पोरीत!

१८ जून

संपलं.

शेवटचे काही सेकंद उरले होते, दोन गुणांनी मागे. भिंगरीला धक्का बसला, दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही आत गेले तर बरोबरी. मी कधी उभी राहिले कळलं नाही.

पहिला गेला. दुसरा — रिंगच्या कडेवर टेकला, जरा घुटमळला, बाहेर पडला.

एका गुणाने!

भिंगरी तिथेच खाली बसली. जिने आपटावं म्हणून मी टीव्हीसमोर बसले होते, तीच. मी तोंडात पदर कोंबला तरी हुंदका बाहेर आलाच. हे माझ्याकडे बघतच राहिले. कॅप्टनने येऊन तिला उठवलं, मग बाकीच्या आल्या, तिला मधे घेऊनच आत गेल्या. लेकीने फोन उचलला, भिंगरीला काहीतरी लिहिलं. "काय लिहिलंस?" तर म्हणे, "लिहिलं, माझी आई तुझ्यासाठी रडतेय."

१९ जून

डोळे सुजलेले. रिसेप्शनवाली घाबरून म्हणाली, "अगं बाई, कोण गेलं?"

"आपला संघ," म्हटलं.

२४ जून

गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. पलीकडे लेक फोनवर, माझ्याकडे पाठ. प्रशिक्षकांचा फोन होता — पुढच्या शिबिराला बोलवत असावेत.

"नाही सर. तेव्हाही मीच येऊन म्हटलं होतं ना, माझं नाव काढा म्हणून? आताही तेच… नाही, घरी तुम्हीच काढलंत असं वाटतंय… आईला कसं सांगू, सर?"

वळली, तर मी समोर. चेहरा पांढराफटक. सहा फुटांची माझी पोर, मला घाबरली होती!

तिला खाली पायरीवर बसवलं. तेव्हा कुठे माझा हात तिच्या डोक्यापर्यंत पोचला.