मुलाखतीपुरती पेशंट

थेरगाव,
५ जानेवारी २०२५

ती. छबूआत्यास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तुझा लेक, आपला ओमदादा, कंपनीतून सुटला की हे पत्र इथून घेऊन जाईल.

आत्या, माझी पाचावर धारण बसली आहे. बी.डी.एस. झालं, पण पुढच्या शिक्षणासाठी परदेशातल्या डेंटल कॉलेजने सतरा तारखेला मुलाखत ठेवली आहे, कॉम्प्युटरवर. तीन प्रोफेसर समोर असणार. आरशासमोर उत्तरं पाठ करते तर जीभ टाळ्याला चिकटते. आईला ऐकवलं, तर म्हणाली, बातम्या वाचल्यासारखं वाटतंय. माझ्या डेंटल कॉलेजच्या मॅडम म्हणतात, पाठांतर सोड, आपल्या माणसांबद्दल बोल. मशेरी लावणाऱ्या बाईला कशी तपासशील, हे विचारतीलच.

तर मुलाखतीपुरती तू माझी पेशंट हो ना! मशेरी किती वेळा लावतेस, कुठे धरतेस, तोंडात उभी बोटं किती मावतात, काही टोचतं-चरचरतं का, सगळं लिही. खोटं लिहिलंस तरी चालेल, मला सरावाला हवं.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी भित्री भाची,
तनुजा

कुरुळी,
८ जानेवारी

चि. तनुजास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं बघ. लहानपणी शेरडाला भिऊन माझ्या पदरात शिरायचीस, आता लोकांच्या दाढा उपटणार तरी तशीच! अगं, त्या प्रोफेसरांचीबी दाढ दुखतच असंल की.

तर ऐका डॉक्टरीणबाई. मशेरी दिवसातनं चारदा. सकाळी आमी जावा-जावा वट्यावर बसून लावतो, त्याबिगर कुणाला परसाकडंच व्हत न्हाई. मी डाव्या गालात धरते. बोटं आधी तीन मावायची, आता दोनच जात्यात, तीबी रेटून. गालाला आतनं पांढरं धरलंय, दुधावरल्या सायीवाणी, अन् मधी एक खरबरीत गाठ. भाकरीचा पापुद्रा लागला तरी डोळ्यात पाणी येतं. मग मी तिथंच मशेरी दाबून धरते. बधिर हुतं, बरं वाटतं. बास का एवढं? पास हो म्हंजी झालं.

दादाला, वहिनीला नमस्कार सांग. आमच्यावरचं ध्यान कमी करू नगस.
तुझी आत्या

थेरगाव,
९ जानेवारी

ती. आत्यास नमस्कार.

हे खरं आहे का गं? की सरावासाठी लिहिलंस? पुस्तकात ज्या पानावर बोट ठेवून मी पाठ करत बसले होते, तेच तू लिहून पाठवलंस.

त्या जागी मशेरी अजिबात लावू नकोस. बरं वाटतं ते फक्त बधिर होतं म्हणून, आतून ती जागा आणखी बिघडते. मी उद्याच येते. मॅडम गालाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतील. मुलाखत गेली खड्ड्यात. खरं काय ते लगेच कळव, माझी शपथ आहे तुला.

तनुजा

कुरुळी,
१० जानेवारी

चि. तनुजास आशीर्वाद.

येडी का खुळी तू? खोटं चालंल असं तूच लिवलं हुतंस ना? मग मी जरा तिखटमीठ लावलं. माझं तोंड धडधाकट हाय. दुपारची पेज पिऊन निवांत पडते बघ.

तू मुलाखत बुडवून आलीस तर मी दार उघडायची न्हाई. आपल्या घरात एवढं कुणी शिकलं न्हाई, पोरी. अन् ओमच्या कानावर काय घातलंस तर माझ्या गळ्याची आण. सतरा तारीख जाऊ दे, मग हुरडा खायाला ये.

राग धरू नगस.
आत्या

थेरगाव,
१७ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

दुपारी मुलाखत झाली. तिघांतल्या वयस्कर बाईंनी विचारलं, एखाद्या पेशंटबद्दल सांग. मी नाव न घेता तुझ्याबद्दल सांगितलं. दोन बोटं, साय, गाठ, तिथंच दाबलेली मशेरी. आवाज जरासुद्धा कापला नाही. बाईंनी विचारलं, तपासणीत काय निघालं? मी म्हणाले, ती म्हणते, तिनं सगळं बनवून सांगितलं. त्यांनी विचारलं, तुला पटलं? मी म्हणाले, पटवून घेतलं.

खरंच घेतलं गं. भाकरी खाणारी माझी आत्या पेज का पिते, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी तुझं पत्र घडी घालून ठेवलं आणि उत्तरं पाठ करत बसले. मलाही ही मुलाखत हवी होती.

बाई रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, मग तू इथे आमच्यासमोर का बसली आहेस? मी लॅपटॉप मिटला. प्रवेशाचं काय होईल ते होवो.

ओमदादाला सगळं सांगितलं, तुझी आण मोडली. मॅडम उद्या सकाळी आपली वाट बघणार आहेत. मला फार भीती वाटते आत्या, आणि तुलाही वाटते हे मला माहीत आहे.

बोलायला गेले तर रडू फुटेल, म्हणून हे पत्र मीच हातात घेऊन आले आहे. वाचून झालं की वर बघ, मी समोर उभी आहे. लोभ तर आहेच. आता तोंड उघड, आत्या.

तनुजा