काशीचा फोटो

लोहारा, शनिवार, कार्तिक, १९४८

आज माझ्या हातून काशीचा चेहरा पुसला गेला. दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहू?

रझाकारांच्या धामधुमीत बार्शीला पळालो तेव्हा पुस्तकांची पेटी गोठ्यात पुरून ठेवली होती. परवा परत येऊन उकरली, तर आत पाणी शिरलेलं. पुस्तकं पानं उलगडून अंगणात वाळत घातली; त्यांतली काही वाचतील. पण त्यांतच आमच्या लेकीचा फोटो होता. काशी देवाघरी गेली त्याला तीन वर्षं झाली. सोलापूरच्या स्टुडिओत काढलेला हा एकच. गालावर चिखलाचा डाग बसला होता, एवढंच.

काशीची आई म्हणाली, "आधी वाळू द्या की. ओलं हाय, हात लावू नका."

मला दम कुठं होता? ओला कापूस गालावरून फिरवला. चिखल निघाला आणि त्याच्यासंगं गालही. घाबरून पुन्हा पुसलं. पुन्हा का पुसलं मी? डोळेही गेले. आता परकर आहे, हातातलं फूल आहे, वर नुसता पांढरा कागद.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तो काळा झालेला कापूस फेकायला मी उठलो, तर तिनं हात धरला.

"टाकू नका. लेकीचं तोंड त्यातच हाय न्हवं?"

कापूस खणात गुंडाळून तिनं उराशी धरला. दुपारपासून तशीच बसलीय. तिच्यासमोर जायला माझा पाय उचलत नाही.