वल्ही माझी, आवाज आईचा

४ फेब्रुवारी

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून आत पाहिलं. म्हणाल्या, "बोलणं बंद. कुजबुजणंसुद्धा नाही." स्वरयंत्रावर गाठ आहे – बारीक, पण आहे. महिनाभर गप्प राहून विरली तर ठीक, नाहीतर काढायची. आवाज पूर्वीसारखा राहील का, हे कागदावर लिहून विचारलं. "आत्ता नाही सांगता यायचं."

चष्म्याच्या दुकानात काचा घासायला आवाज लागत नाही. पण संध्याकाळचं काय? गेम खेळता खेळता बडबड करायची, व्हिडिओ टाकायचा, मग खाली लोकांशी गप्पा – इतकी वर्षं हेच चाललंय. लोक खेळ बघायला कुठे येतात? बोलणं ऐकायला येतात.

६ फेब्रुवारी

नावाड्याच्या गेमचा नवा भाग टाकला, बिनबोलण्याचा. नुसता वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज. 'दर्यावर्दी' नावाने लिहिणारा जुना प्रेक्षक म्हणतो, "दादा, घरात कुणी नसल्यासारखं वाटतंय."

९ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग चालू, आई मागे मटार सोलत बसलेली.

"हा कुठं निघालाय?"

मी बोटाने समोरचं बेट दाखवलं.

"आणि बोटीत ही म्हातारी कोण?"

मी खांदे उडवले.

"माहीत नाही आणि घेऊन चाललास?" मग थोड्या वेळाने, "किती वल्हवतोय बिचारा. बसव की त्याला जरा."

बसवला. बसायचं बटण आहे हे ठाऊक होतं, दाबलं कधी नव्हतं. तर ती म्हातारी आपणहून बोलायला लागली – तिचं गाव, पाण्याखाली गेलेली शाळा, कायकाय. आईचे हात थांबले. तीही म्हातारीला उत्तरं द्यायला लागली – "हो ना बाई", "मग पुढं?"

बाबा गेल्यापासून ती घरात कामापुरतंच बोलते. आज बोलण्याला खंड नव्हता.

नंतर लिहून विचारलं, हे लोकांना ऐकवू?

"ऐकव. माझं काय जातंय."

११ फेब्रुवारी

प्रतिक्रिया वाचता वाचता चहा गार झाला. गेम संपवून बसलेल्यांनीही म्हातारीची गोष्ट ऐकली नव्हती. आता जो तो आपापल्या नावाड्याला बसवतोय आणि काय ऐकलं ते खाली लिहितोय. आईच्या हातात फोन दिला. चष्मा लावून तिने एकेक वाचलं.

"ही मुलगी परगावी एकटी राहते म्हणे. तिला लिही, आधी जेवून घे."

लिहिलं. मुलीने उलट लिहिलं – "जेवले, आई."

१७ फेब्रुवारी

आई आता स्टूल ओढून हक्काने बसते. "अरे, आपटशील! डावीकडे घे." सगळे तिला आई म्हणतात, तिला प्रश्न विचारतात, ती दिसेल त्याला सल्ले देते. माझ्या घशाची चौकशी आज एकट्या दर्यावर्दीने केली.

वाईट वाटलं. इथे लिहायला काय हरकत आहे – वाटलं.

२४ फेब्रुवारी

दुकानात मालक म्हणाले, "तुझ्या आईंना सांग, माझी बायको रोज ऐकते." मान डोलावली. दुसरं करणार काय?

५ मार्च

गाठ विरली. "बोला, पण बेताने."

घरी आलो आणि हाक मारली – "आई." आवाज चिरका निघाला, पण माझाच. तिने डोळे पुसले. लगेच स्टूल उचलून स्वयंपाकघरात ठेवलं. "सुटले बाई. आता तुझं तू बोल."

६ मार्च

एकट्याने भाग केला. आवाज टिकला, विनोदही जमले. पण मधेमधे थांबत होतो – कुणीतरी काहीतरी विचारेल म्हणून.

दर्यावर्दी लिहितो, "आवाज परत आला, फार बरं वाटलं. आई कुठे आहेत?"

आईला म्हटलं, ये ना बसायला. "नको रे. तुझ्यासाठी बसत होते. मला त्यातलं काय कळतंय?"

मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

८ मार्च

दुकानातून लवकर आलो, आई बाजारात गेलेली. गेम उघडला. माझ्या खेळाखाली आणखी एक खेळ साठवलेला – नाव आईचं, लग्नाआधीचं. रोज दुपारी खेळत असणार. तिचा नावाडी एका धक्क्यावर उभा आहे. ते बेट मी अजून पाहिलेलं नाही.