मोठ्यांच्या रकान्यातलं शून्य

१४ मार्च

प्रकल्पप्रमुख,
बालवर्तन संशोधन विभाग यांस,

महोदया,

बुधवार, दिनांक १२ मार्च रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आपल्या सहायक बाईंनी मला फोनवर सांगितले, की ‘मोठे-१७’ ही नोंद निष्कर्षातून वगळण्यात आली आहे. मोठे-१७ म्हणजे मी. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात मुद्दाम पाहून ठेवली. बत्तीस वर्षे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पंचनाम्यात वेळ नसली की पंचनाम्याची रद्दी होते.

पत्राच्या सुरुवातीला खुशाली लिहावी असे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवले होते. तर, माझी तब्येत ठीक आहे, डावा गुडघा जिथे होता तिथेच कुरकुरतो आहे, आणि आपणही बऱ्या असाल असे धरून चालते. आपण माझ्या सख्ख्या भावाची मुलगी आहात, या गोष्टीचा या तक्रारीशी काही संबंध नाही. म्हणूनच ‘आपण’ म्हणते आहे.

आता मुद्दा. वाचनालयातल्या फलकावर सूचना होती: चार ते सात वर्षांच्या मुलांवरील अभ्यासासाठी तुलना गट म्हणून मोठी माणसे हवी आहेत. मी आले. सहायक बाईंनी मला एका बुटक्या खुर्चीवर बसवले. मागे टेबल, टेबलावर झाकणाचा डबा. त्या म्हणाल्या, “मी पाच मिनिटांनी येते. तोपर्यंत डब्यात काय आहे ते बघायचं नाही हं.” त्यातला ‘हं’ सूचनेतच आहे का, असे मी विचारले. होय म्हणाल्या. मुलांना आणि मोठ्यांना अक्षरशः तेच सांगायचे, त्याच खुर्चीत बसवायचे, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही. हे मला पटले. माझ्या गुडघ्याला पटले नाही, पण त्याला कोणी विचारले नव्हते. पाच मिनिटांनी त्या आल्या. डब्यात बघितले का, असे विचारले. मी उत्तर दिले. चहा मिळाला. घरी आले.

गेल्या आठवड्यात सर्व सहभागींना आपला गोषवारा टपालाने आला. मुले साठ. त्यांपैकी त्रेचाळीस जणांनी डबा उघडला, आणि त्यांतल्या एकतीस जणांनी ‘नाही उघडला’ असे सांगितले. मोठे तेवीस. डबा उघडणारे शून्य. खोटे सांगणारे शून्य. खाली वाक्य आहे: ‘वाढत्या वयाबरोबर ही प्रवृत्ती नाहीशी होते.’ हेच पालकांसाठी पत्रक म्हणून छापायचे आहे, असेही कळते.

मोठे चोवीस आले होते. चहाचे पेले मी मोजले होते.

चोविसावा कुठे गेला, एवढेच मला विचारायचे आहे. त्या खोलीत मी काय केले किंवा केले नाही, याबद्दल मला येथे काही सांगायचे नाही. तो भाग आपल्या कॅमेऱ्याकडे आहे. नोंद का वगळली ते लेखी कळवावे.

आपली,
मोठे-१७

---

२७ मार्च

चि. टिचकीस,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. कागद चांगला आहे, सही तुझीच आहे, मजकूर मात्र दुसऱ्या कोणाचा असावा असं वाटलं. ‘काही सहभागींना सूचना पुरेशी स्पष्ट न झाल्याने त्यांच्या नोंदी विचारात घेतल्या नाहीत.’ काही सहभागी म्हणजे मी एकटी. आदरार्थी बहुवचन मी पुष्कळ पाहिलं आहे, हा प्रकार नवा.

म्हणून आता ‘आपण’ सोडते. दादा तुला टिचकी म्हणायचा. घरात ते नाव वापरणारी आता मीच उरले आहे, तेव्हा वापरते.

सूचना मला समजली नाही? अगं, ‘डब्यात बघायचं नाही हं’ यात न समजण्यासारखं काय आहे? चार वर्षांच्या पोरांना समजलं. साठच्या साठ जणांना. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी माझ्याकडून लॅटिनमधली प्रार्थना पाठ करून घेतली होती, तिचा अर्थ मला आजतागायत समजलेला नाही. पण तुझी सूचना समजली. मी दुकानात जाऊन तराजू उलटा केला की दुकानदार हेच म्हणायचे, बाईसाहेब, नियम समजला नव्हता. मी लिहून घ्यायची: ‘समजला नव्हता असे म्हणतो.’ यातल्या ‘असे म्हणतो’वर माझी बत्तीस वर्षं चालली.

तेव्हा लिहून घे. मी डबा उघडला.

साधारण चौथ्या मिनिटाला. आत हिरवा पत्र्याचा बेडूक होता, किल्लीचा. झाकण लावून पुन्हा बसले. बाईंनी विचारलं, बघितलंत का? मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, काय असेल बरं आत? तुझ्या गोषवाऱ्यात लिहिलं आहे की लहान मुलं इथेच सापडतात, पटकन ‘बेडूक’ म्हणून जातात. मी म्हटलं, मला कशी कल्पना असणार? आवाजही नीट होता. एकतीस पोरांत माझ्याइतकं चोख कोणी बोललं नसेल. प्रवृत्ती नाहीशी वगैरे होत नाही. हात बसतो, एवढंच.

आता नात्याचं म्हणशील. नातेवाईक म्हणून वगळलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. पण तुझी सासू मोठे-चार आहे आणि ती तेविसांत आहे. ती डबा उघडणार नाही याची मीही हमी देते. त्या खुर्चीतून उठायला तिला दोन माणसं लागतात.

सहायक बाईंना मी परत फोन केला होता. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांना आडून विचारलं तर कळत नाही, त्या सरळ सांगतात. त्या म्हणाल्या, मॅडमनी ते चित्रण तीनदा पाहिलं, दार लावून. मग बाहेर येऊन म्हणाल्या, सतरा नंबर काढून टाका.

तीनदा कशाला? पाच मिनिटांत एक म्हातारी एकदाच उठते.

एक खात्यातली गोष्ट सांगते, मग पुरे करते. दुकानातलं वजन आम्ही आमच्या प्रमाण वजनाशी ताडून बघायचो. मखमलीच्या पेटीतली पितळी वजनं ती, चिमट्याने उचलायची, बोट लावायचं नाही. नवीन निरीक्षकांना वाटायचं, तीच खरी. पण तीसुद्धा ठरलेल्या मुदतीत वरच्या प्रयोगशाळेत तपासायला जायची. आणि झिजलेली निघायची बरं का. लोकांना दंड करून करून झिजलेली.

मोठ्यांना प्रमाण धरून तू साठ पोरं मोजलीस. चांगलं केलंस. प्रमाण कोणी तपासलं?

दादाच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलावरची काचेची टोपी तुला आठवते का, सहज विचारते. असो.

वहिनीच्या गुडघ्यालाही आता त्रास आहे असं ऐकलं. तिला म्हणावं, बुटक्या खुर्च्या टाळ.

तुझी,
आत्या

---

११ एप्रिल

चि. टिचकीस,

आशीर्वाद. लेखी उत्तर मागितलं होतं, तुझा फोन आला. अकरा मिनिटं बोललीस. आठ मिनिटं हवा-पाणी, दोन मिनिटं तुझ्या मुलीचे दात, आणि शेवटी म्हणालीस, “आत्या, जाऊ दे ना गं. एका नोंदीने काय होतंय? कशाला उकरतेस?”

उकरायला आधी काही पुरलेलं लागतं. मी तर फक्त बेडकाबद्दल बोलत होते. म्हणजे तुलाही ठाऊक आहे की आपण बेडकाबद्दल बोलत नाही आहोत. तू चित्रण तीनदा का पाहिलंस ते मला तिथे कळलं.

मग मीच लिहिते. तोंडाने मला हे जमणार नाही, आणि फोनवर तू मध्येच ‘जाऊ दे’ म्हणशील.

तू सात वर्षांची होतीस. शाळेतून आलीस की दप्तर टाकून दादाच्या टेबलाशी जाऊन बसायचीस. त्याने तुला डोळ्याला लावायचं भिंग दिलं होतं, ते तुझ्या डोळ्यावर राहायचं नाही म्हणून दोरीने बांधलं होतं. चाकांची नावं तुला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. दादा मितभाषी, पण तुझ्याशी बोलायचा. आम्ही स्वयंपाकघरातून ऐकायचो आणि म्हणायचो, एवढं तर हा लग्नातही बोलला नव्हता.

त्या दिवशी एक जुनं घड्याळ उघडून त्याने काचेच्या टोपीखाली ठेवलं होतं. म्हणाला होता, कोणी हात लावायचा नाही. तो बाहेर गेला. तू खिडकीत बसून चित्र रंगवत होतीस. मी ऑफिसातून आले, टोपी उचलली, त्याचा चिमटा घेतला. रोज चिमट्याने वजनं उचलणारी मी, मला गर्व होता की माझा हात दादापेक्षा हलका आहे. एक चाक जरा वर केलं. एक स्प्रिंग उडाली. केसाहून थोडी जाड, नखाएवढी. टोपी परत ठेवली आणि मी आत गेले.

दादा आला. त्याने तुला विचारलं. तू म्हणालीस, मी नाही, आत्याने उचललं. त्याने मला विचारलं. मी म्हटलं, मी तर त्या खोलीत आलेच नाही.

मग तो तुला जे म्हणाला ते मला शब्दशः आठवतं, तुलाही आठवत असणार. आवाज न चढवता म्हणाला, “मोठी माणसं कशाला खोटं बोलतील?”

तू तीनदा सांगितलंस. चौथ्यांदा विचारल्यावर ‘हो, मीच’ म्हणालीस. त्या वेळी मी कणीक मळत होते, ती कणीक मी गरजेपेक्षा बराच वेळ मळली.

त्याने तुला मारलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंग ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि टेबलाभोवती पडदा लावला. त्यानंतर तो असेपर्यंत तू त्या टेबलाशी बसली नाहीस. त्यानंतर तो सोळा वर्षं जगला. तो तीन दिवस जमिनीवर लोहचुंबक फिरवत होता आणि मी पाय वर घेऊन पेपर वाचत होते.

स्प्रिंग जमिनीवर नव्हतीच. माझ्या बाहीच्या शिवणीत अडकली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सापडली. मी ती खात्यातल्या सगळ्यात बारीक काट्यावर ठेवली. का, ते विचारू नकोस, दुसरं काही सुचलं नाही. तीन मिलिग्रॅम. घरी आणून दिली असती तर कुठे सापडली ते सांगावं लागलं असतं. म्हणून दिली नाही.

मी रडतबिडत नाही आहे, तूही रडू नकोस. माफीही मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला ‘असू दे’ म्हणावं लागतं, आणि तुला ‘असू दे’ म्हणायची सवय मीच लावली आहे. मला फक्त नोंद दुरुस्त करून हवी आहे.

खरं सांगायचं तर तुझ्या त्या खोलीत मी मुद्दाम काही ठरवून आले नव्हते. फलकावर तुझं नाव वाचलं आणि वाटलं, बघू तरी पोरगी काय करते. बुटक्या खुर्चीत बसले. मागे डबा. उचलू नका म्हटलेलं झाकण. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या दिवशी घाबरले, दादा चिडेल म्हणून तोंडून गेलं, एकदाच गेलं. तुझ्या खोलीत चिडणारं कोणी नव्हतं. हरवलं काहीच नव्हतं. दोष ढकलायला खिडकीत सात वर्षांचं मूलही नव्हतं. तरी मी ‘नाही’ म्हटलं. म्हणजे तेव्हाची ती चूक अपघात नव्हती. हे मला सत्तराव्या वर्षी तुझ्या अभ्यासामुळे कळलं. बाकी तुझ्या निष्कर्षांचं काय व्हायचं ते होवो, ही एक गोष्ट त्यातून सिद्ध झाली आहे, आणि नेमकी तीच तू काढून टाकलीस.

तू मला झाकलंस, हे मला समजतं. पण त्या झाकण्याचा हिशेब बघ. तुझं पत्रक घरोघरी जाणार. उद्या कुठल्यातरी घरात काहीतरी फुटेल, आणि एखादा शांत स्वभावाचा बाप मुलीला म्हणेल, मोठी माणसं कशाला खोटं बोलतील? या वेळी त्याच्या हातात छापील पुरावा असेल. खाली तुझं नाव.

एवढ्यासाठी मला तुझ्या तक्त्यात जागा हवी आहे. मोठे चोवीस, डबा उघडणारे एक, नाकारणारे एक. कारणाच्या रकान्यात काही लिहू नकोस. ‘सूचना समजली होती’ एवढं लिहिलंस तर उपकार होतील.

पत्रक ३० एप्रिलला छापायला जाणार, असं सहायक बाई म्हणाल्या. दुरुस्त केलेला तक्ता मला २८ एप्रिल, दुपारी पाचच्या आत, टपालाने, तुझ्या सहीने पोचला पाहिजे. फोन मी उचलणार नाही. तक्ता आला नाही, तर हेच पत्र तुझ्या विभागप्रमुखांना जाईल. प्रत काढून ठेवली आहे.

तू तेव्हा खरं बोलली होतीस. हे मी लेखी देते आहे, तारखेसह.

तुझी,
आत्या
(मोठे-१७)

सोबत: एक स्प्रिंग, वजन तीन मिलिग्रॅम. कागदाच्या घडीत टाचणीने अडकवली आहे. उघडताना खिडकी लावून घे, आणि चिमट्याने उचल. ती उडते.